मृत्यूच्या रजिस्टरातला मे महिना

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. या शहराला उन्हाळा काही नवा नाही. दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं, ताकाचा पेला घ्यायचा, जरा आडवं व्हायचं आणि कामाला पुन्हा उन्हं कलल्यावर लागायचं, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या महिन्यात दवाखान्यांत ऊन लागलेले रुग्ण आले, काही दगावले, बातम्या छापून आल्या. जूनमध्ये ढग दिसले आणि लोक पावसाच्या तयारीला लागले.

पुढे काही संशोधकांनी एक अगदी साधं काम केलं. त्यांनी महापालिकेच्या मृत्युनोंदी काढल्या आणि त्या मे महिन्यात शहरात एकूण किती माणसं गेली ते मोजलं. कशानं गेली हे विचारलंच नाही, फक्त किती गेली ते पाहिलं. आकडा आला ४,४६२. मग २००९ आणि २०११ चे मे महिने काढून त्यांची सरासरी घेतली. ती होती ३,११८. म्हणजे त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ माणसं जास्त गेली होती, ४३ टक्के जास्त. शहरात रोज साधारण शंभर मृत्यू होतात. सगळ्यात वाईट दिवशी तो आकडा तीनशेच्या पुढे गेला होता.

एखाद्या पुरात १,३४४ माणसं वाहून गेली असती तर देश हादरला असता. इथे ती आपापल्या घरात, खाटेवर, बांधकामाच्या साइटवर, हातगाडीशेजारी एकेकटी गेली. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’, ‘मूत्रपिंड निकामी होऊन’, ‘वार्धक्याने’ असं काहीबाही लिहिलं गेलं. त्यात खोटं काही नव्हतं. हृदय बंद पडलंच होतं. पण ते त्याच आठवड्यात का पडलं, हे लिहायला दाखल्यात रकाना नसतो.

ऊन माणसाला कसं मारतं हे समजायचं तर घरातल्या माठाकडे बघावं. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. आपलं शरीरही तेच करतं. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की शरीर नुसतं वाऱ्यानं थंड होत नाही, उलट वारा तापवतो. मग उरतो एकच मार्ग, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. त्यासाठी हृदयाला रक्त त्वचेकडे ढकलत राहावं लागतं. आधीच थकलेलं हृदय त्या कामात हरतं. पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडं मार खातात. शरीराच्या आतलं तापमान चाळिशी ओलांडून माणूस बरळायला लागला, की तो उष्माघात. मग सगळी शर्यत वेळेशी असते. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा, हे सगळं रुग्णवाहिका येण्याआधी व्हायला हवं.

हाच माठ मुंबईत ऑगस्टमध्ये ठेवून बघा, पाणी गार होत नाही. हवेतच इतकी वाफ असते की आणखी वाफेला जागा नसते. डेझर्ट कूलर विदर्भात संसार वाचवतो आणि कोकणात नुसता दमट वारा फेकतो, तो याचमुळे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान मिळतं त्याला वैज्ञानिक ‘ओल्या फुग्याचं तापमान’ म्हणतात. बाष्पीभवनानं जास्तीत जास्त किती गारवा मिळू शकतो, हे ते सांगतं. ते ३५ अंशांवर गेलं तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत जाईल, असं २०१० मध्ये कागदावर मांडलं गेलं होतं. पुढे तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं की शरीर त्याच्या बरंच आधी, ३१ च्या आसपासच हार मानायला लागतं. म्हाताऱ्यांची आणि ओझी उचलणाऱ्यांची मर्यादा त्याहून खाली असणार हे उघड आहे.

आपल्याकडे याचा फटका १६ एप्रिल २०२३ ला खारघरला बसला. मोकळ्या मैदानावर, भर उन्हात तासन्‌तास चाललेल्या सरकारी कार्यक्रमानंतर १४ जणांचा मृत्यू झाला. पारा ३८ च्या आसपास होता. चंद्रपूरच्या माणसाला हा आकडा ऐकून हायसं वाटेल, पण खाडीकाठच्या दमट हवेत ३८ म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं.

अहमदाबादच्या अभ्यासांत मला सगळ्यात जास्त भिडलेला भाग मोठ्या आकड्यांचा नाही. तो एका प्रसूतिकक्षाचा आहे. महापालिकेच्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. वर उघडी गच्ची, दिवसभर तापणारी. त्या उन्हाळ्यात जन्मलेली काही बाळं जंतुसंसर्गाची कुठलीही खूण नसताना तापानं फणफणत नवजात अतिदक्षता विभागात येऊ लागली. डॉक्टरांनी नोंदी मांडल्या तेव्हा दिसलं की बाहेरचं तापमान ४२ च्या पुढे गेलं की दर अंशाला अशी दाखल होणारी बाळं ४३ टक्क्यांनी वाढतात. नंतर कक्ष खालच्या मजल्यावर हलवला. एवढंच केलं. ना नवं यंत्र आलं, ना नवं औषध. अशा बाळांचं दाखल होणं सुमारे ६४ टक्क्यांनी घटलं. त्या गच्चीखाली आधी किती उन्हाळे बाळंतिणी झोपल्या असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

या मोजणीतूनच २०१३ मध्ये अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा तयार झाला. शहर पातळीवरचा असा आराखडा दक्षिण आशियात पहिलाच. महापालिका, गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था आणि काही परदेशी संशोधक यांनी मिळून तो केला. त्याचा गाभा म्हणजे इशाऱ्याची पातळी. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार सपाट प्रदेशात पारा किमान ४० हवा आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त हवा, तर उष्णतेची लाट. ही व्याख्या हवेची झाली. अहमदाबादनं माणसांची मोजपट्टी लावली. आपल्या शहरात कितव्या अंशापासून मृत्यू वाढायला लागतात, ते रजिस्टरातून काढलं आणि त्यावर रंग ठरवले: ४१.१ पासून पिवळा, ४३.१ पासून नारिंगी, ४५ ला लाल. लाल इशारा आला की कुणी कुणाला फोन करायचा, दवाखान्यांनी बर्फाची आणि सलाइनची काय तयारी ठेवायची, पाणपोया कुठे लावायच्या, बागा दुपारी उघड्या ठेवायच्या, हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं. आपल्याकडे बागेला नेमकं दुपारीच कुलूप असतं. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला झाडाची सावली हवी असते तेव्हाच.

उपयोग झाला का? त्यासाठी पुन्हा रजिस्टरच काढलं. २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार आराखड्यानंतरच्या वर्षांत दर वर्षी सरासरी १,१९० मृत्यू टळले असावेत. या आकड्याभोवतीची अनिश्चितता मोठी आहे, १६२ पासून २,२१८ पर्यंत. पण खालच्या टोकाचा आकडा धरला तरी दर वर्षी १६२ माणसं वाचली. उपायांचा खर्च बघता सार्वजनिक आरोग्यात इतक्या स्वस्तात इतकी माणसं वाचवणारी उदाहरणं फार नाहीत.

मग इतर शहरं मागे लागली. २०१६ मध्ये नागपूरचा आराखडा आला. त्याच वर्षी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि पाहता पाहता वीसहून अधिक राज्यांत कागद तयार झाले. इथे थोडं मागं वळून पाहायला हवं. २००८ मध्ये भारताचा हवामान बदलाबाबतचा राष्ट्रीय कृती आराखडा आला, तेव्हा त्यात आठ मोहिमा होत्या: सौरऊर्जा, पाणी, शेती, हिमालय वगैरे. आरोग्याची स्वतंत्र मोहीम त्यात नव्हती. माणसाच्या शरीरावर हवामान काय करतं, हा विषय दिल्लीत आला तो शहरांकडून.

त्यामागचं विज्ञान मात्र बरंचसं आपल्या पुण्यात झालं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या वैज्ञानिकांच्या पुढाकारानं २०२० मध्ये भारताच्या हवामान बदलाचा पहिला सविस्तर राष्ट्रीय अहवाल निघाला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं, असं त्यात म्हटलं आहे. जगातल्या जमिनीच्या सरासरीपेक्षा ही वाढ कमी आहे. दिलासा वाटण्यासारखं वाटेल, पण कारणं बघा. आपल्या हवेतली धूळ आणि धूर सूर्यप्रकाश अडवतात, आणि कालव्या-बोअरवेलच्या पाण्यानं भिजलेली शेतं हवा थोडी थंड ठेवतात. पहिल्या कारणानं आपली फुप्फुसं खराब होतात, दुसऱ्यानं हवेत दमटपणा वाढतो. उद्या हवा स्वच्छ केली, आणि ती करायलाच हवी, तर हा पडदा बाजूला होईल.

२०२२ चा मार्च हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत तापलेला मार्च होता. गहू दाणा भरण्याच्या वेळेलाच होरपळला आणि मे महिन्यात सरकारनं गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. वैज्ञानिकांनी संगणकावर दोन जगं चालवून पाहिली, एक आजचं आणि एक माणसानं तापवलं नसतं तर असतं तसं. भारत-पाकिस्तानवरची ती लाट तापलेल्या जगात सुमारे ३० पट अधिक संभाव्य झाली आहे, असं उत्तर आलं.

आराखड्यांचं पुढे काय झालं? २०२३ मध्ये दिल्लीतल्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चनं असे ३७ आराखडे तपासले. पैसा कुठून येणार याचा विचार फक्त ११ मध्ये होता. कोणत्या वस्तीतल्या कोणत्या लोकांना सर्वाधिक धोका आहे, याचा पद्धतशीर अभ्यास फक्त दोनमध्ये. अहमदाबादचा आत्मा होता स्वतःच्या शहराची मोजणी. नक्कल करताना रंग आले, तक्ते आले, मोजणी राहिली. पैशाचीही तीच गत. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत तेव्हा पूर होता, गारपीट होती, अगदी थंडीची लाटही होती. उष्णतेची लाट नव्हती. त्यामुळे राज्यांना आपत्ती निधीतला एक छोटा वाटाच त्यासाठी वापरता येत होता.

उन्हानं किती माणसं जातात याचे सरकारी आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. २०१५ ते २०२२ या काळात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या हिशेबानं आठ हजारांहून अधिक मृत्यू, तर आरोग्य खात्याच्या आणि हवामान खात्याच्या हिशेबानं चार हजारांहून कमी. पोलीस पंचनाम्यावरून मोजतात, दवाखाने निदानावरून, हवामान खातं मुख्यतः बातम्यांवरून. अहमदाबादसारखे सगळे मृत्यू मोजून फरक काढायची पद्धत यातल्या कुणाचीच नाही. महापालिकांकडे मृत्युनोंदी रोज होतात आणि आता त्या संगणकावर आहेत. मे संपल्यावर आठवड्याभरात प्रत्येक शहराला आपला फरक काढता येईल. याला नवा कायदा लागत नाही की मोठा निधी. हे अजून सर्वत्र का होत नाही, याचं समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही.

मोजणीतून सुटलेली दुसरी गोष्ट म्हणजे घर. हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत, मोकळ्या जागी असतो. ते योग्यच आहे. मोजणीला शिस्त नसेल तर काय होतं ते मे २०२४ मध्ये दिसलं. नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग तो सेन्सरचा दोष असल्याचा खुलासा आला. पण माणसं त्या पेटीत राहत नाहीत. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं घर पत्र्याचं आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या त्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, एकदा रात्री अकराला त्यांच्याकडे जाणं झालं. फळीवरची स्टीलची ताटली हातात घेतली तर ती जेवण वाढल्यासारखी कोमट. भिंतीला पाठ टेकवता येईना. पंखा भट्टीसमोरचा वारा फिरवत होता. दिवसभर तापलेलं शरीर रात्री गार होऊन हृदयाला जी विश्रांती मिळायची, ती त्या घरात मिळतच नाही.

त्यावरचे उपाय फार अवघड नाहीत. छताला चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या रंगाचा पांढरा हात दिला तर आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं. अहमदाबादनं वस्त्यांमध्ये हे करून पाहिलं, आणि तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं राज्य धोरणच आणलं. मजुरीचं काय, याचं एक उत्तर अहमदाबादच्याच ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेनं शोधलं आहे. पारा ठरलेल्या अंशापुढे ठरलेले दिवस राहिला की विम्याचे पैसे थेट खात्यात. दावा नाही, दाखला नाही. २०२४ मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५०,००० महिला या विम्यात होत्या आणि बहुतेकींना रक्कम मिळाली. रक्कम काही शे रुपयांची. पण ‘आज उन्हात जाऊ नका’ हा सल्ला ज्या बाईला परवडतच नाही, तिला एखादा दिवस घरी थांबण्याइतकी.

हवामान खातं आता ‘उष्ण रात्री’चाही इशारा देतं. मी मावशींना विचारलं, येतो का तुमच्या फोनवर? येतो म्हणाल्या. मग काय करता? “आम्ही सगळे रस्त्यावर चटई टाकतो. पोरगी मोठी झाली, ती तेवढी आत झोपते.”