टिकाव, घमेले आणि सकाळचा व्यायाम : मराठवाड्यातल्या श्रमदानाची पार्श्वभूमी

रविवारी सकाळी सहाला टेकडीच्या पायथ्याशी जमायचे, दहा-पंधरा मिनिटे सांधे मोकळे करायचे, दीड तास चर खोदायचा किंवा झाडांना पाणी घालायचे आणि ऊन चढायच्या आत घर गाठायचे. असे गट आता लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरपासून तालुक्याच्या गावांपर्यंत दिसतात. कुणी याला प्लॉगिंग, म्हणजे धावता धावता कचरा उचलणे, म्हणते; बरेचजण नुसते श्रमदान म्हणतात. प्लॉगिंगची कहाणी छोटी आहे, श्रमदानाची मोठी. हे काम फुकट कुणी आणि का करावे यावर आज गटागटांत जे वाद होतात त्यांचे मूळही श्रमदान याच शब्दात सापडते.

मेहनत आणि माती यांचे नाते तालमीत जुनेच. आखाड्याच्या हौदातली माती फावड्याने खालीवर केल्याशिवाय कुस्ती लागत नाही, आणि ही उकरणी हाच नव्या पोराचा पहिला व्यायाम. कंबर, खांदे, मनगटाची पकड सगळे त्यात येते. मग मातीत तेल, हळद, ताक, लिंबू कालवायचे. निजामी अमलात जाहीर सभेप्रमाणे आखाड्यालाही परवानगी लागे, त्यामुळे 1948 पर्यंत तालमीतून सार्वजनिक काम उभे राहायला इथे वाव कमीच होता. पुढे 1969 मध्ये विद्यापीठांतून विद्यार्थ्यांची राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचे शिबिर. पहाटे कवायत, न्याहारीनंतर खोदकाम, दुपारी व्याख्यान हे वेळापत्रक मराठवाड्यातल्या हजारो पोरांनी पाळले. पण त्यात कवायत वेगळी आणि काम वेगळे होते. खोदणे हाच व्यायाम आहे, तो नीट शिकवावा लागतो, हे कुणी सांगत नसे. शिबिरातून आलेले पोर पाठ धरून आठवडाभर झोपून राही. शिबिरात केलेला रस्ताही बाजूला नाली न काढल्यामुळे पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाई.

आता त्या शब्दाकडे. श्रमदान म्हणजे श्रमाचे दान. दान तेव्हाच होते जेव्हा न देण्याची मोकळीक असते. मराठवाड्याच्या खेड्यात विनामोबदला कामाची जुनी ओळख वेठ ही होती. अंमलदार गावात आला की ठरावीक घरांतल्या माणसांनी राबायचे, मजुरी मागायची नाही. ती आठवण असलेल्या घरांत श्रमदानाची हाक वेगळी ऐकू येते, हे शहरातून येणाऱ्या गटांना चटकन कळत नाही.

1972 च्या दुष्काळाने दुसरा अर्थ जोडला. त्या वर्षी लाखो माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांवर माती वाहायला गेली. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. खोदाईची मोजणी होऊ लागली आणि घनमीटरमागे दर ठरला. म्हणजे ज्या चराला आज हौशी गट व्यायाम म्हणतो, तो चर इथे दोन पिढ्या हजेरीपटावर लिहिला गेला आहे. 2024-25 मध्ये या कामाचा दर दिवसाला 297 रुपये होता. ज्या कामाला मजुरी मिळू शकते ते काम फुकट करून टाकले तर कुणाचा तरी दिवस बुडतो.

गुंता वाढवला तो लोकवाट्याने. 1992 च्या आदर्श गाव योजनेत नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांच्या जोडीला श्रमदान हे सूत्र म्हणून आले. पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचे पाणी अडवून मुरवण्याच्या, बहुतेक कार्यक्रमांत गावाने खर्चाचा एक भाग श्रमाच्या रूपात द्यायचा असा नियम होता. कागदावर तो चांगला दिसतो, गावाची आस्था त्यातून कळते असे म्हटले जाते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा वाटा मजुराच्या पगारातून कापला गेला. सहा दिवस काम, पाच दिवसांचे पैसे आणि उरलेला दिवस श्रमदान म्हणून नोंद. राबला मजूर, आणि पाणी वाढले ते ज्याच्या शेतात विहीर आहे त्याचे. अशा नोंदीला दान म्हणणे चुकीचे आहे आणि ते स्पष्टपणे सांगायला हवे.

2016 मध्ये हा प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला. लातुरात मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्याच उन्हाळ्यात गावांची पाणलोट स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी राज्यातले तीन तालुके होते, त्यांत मराठवाड्याचा अंबाजोगाई. 2019 पर्यंत ती दर उन्हाळ्यात झाली आणि तालुके सत्तरच्या वर गेले. 1 मेच्या महाश्रमदानाला शहरांतून गाड्या भरून माणसे आली. मराठवाड्यात सामूहिक व्यायाम आणि गावाचे काम यांची खरी सांगड याच चार वर्षांत बसली, कारण शहरातल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा टिकाव आला आणि गावाला तो उपयोगी पडला.

त्याच चार वर्षांत फरकही उघडा पडला. स्पर्धेचे दिवस एप्रिल-मेचे. बीड, धाराशिव, जालन्यातले ऊसतोड मजूर सहा महिने मोळ्या वाहून याच सुमाराला गावी परततात. त्यांतल्या बाईच्या पाठीला व्यायाम नको असतो, विश्रांती हवी असते. तिलाही पहाटेच्या भोंग्याने माळावर बोलावले जाई, न गेल्यास गावाचे गुण कमी होतील असे सुनावले जाई. शहरातून एका दिवसासाठी आलेल्याचे फोटो निघत, तिचे निघत नसत. या अनुभवातून काही गटांनी नंतर आपल्यापुरते दोन नियम केले : हजेरीपटावर येऊ शकणाऱ्या कामाला हात लावायचा नाही, आणि केलेले काम कुणाच्याही लोकवाट्यात मोजू द्यायचे नाही. हे दोन नियम पाळणाऱ्या गटाने आपल्या कामाला सरळ व्यायाम म्हणावे. तो शब्द जास्त प्रामाणिक आहे.

खोदाईचा हिशेबही त्याच वर्षांत शिकला गेला. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खोदलेला चर, 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल धरला तर दहा मीटरला 1.8 घनमीटर मुरूम निघतो. वजन साधारण तीन टन, घमेल्यांत भरला तर दोनशे घमेली. सवय नसलेल्या वीस जणांनी दोन तासांत वीस-पंचवीस मीटर काढला तर ते चांगले काम समजावे. जोडी करावी, एकाने टिकावाने फोडायचे, दुसऱ्याने खोऱ्याने ओढायचे, दर दहा मिनिटांनी अदलाबदल. टिकाव डोक्याच्या वर न्यायची गरज नसते. खांद्यापर्यंत उचलून त्याच्याच वजनाने पडू द्यायचा. पाठ मोडते ती टिकावाने नाही, खोऱ्याने. वाकलेल्या कमरेत पिळा देऊन माती बाजूला फेकली की दुसऱ्या दिवशी उठवत नाही. पाऊल वळवून, सगळे अंग फिरवून टाकावे. माती उताराकडच्या बाजूला, काठापासून 30 सेंटिमीटर सोडून टाकायची, नाहीतर पहिल्याच सरीत ती परत चरात येते.

समपातळी चुकली तर सगळी मेहनत उलटते. पाणी चराच्या खालच्या टोकाला धावते, बांध फोडते आणि तिथून घळ पडते. दोन काठ्यांना बांधलेल्या पारदर्शक नळीने पातळी घेताना नळीत हवेचा बुडबुडा राहिला की आकडा खोटा निघतो. म्हणून नळी भरल्यावर दोन्ही काठ्या शेजारी उभ्या करून पाणी एका रेषेत आहे का ते आधी पाहायचे, मगच फक्कीची रेघ मारायची. दगडी बांधाच्या कामात दगड हाताने उलटू नये, आधी पहारीने आपल्याकडे कलवावा, म्हणजे दगड आपल्या आणि फटीच्या मध्ये राहतो. इथे दगडाखाली विंचू हमखास असतो. आणि एप्रिल-मेमध्ये नऊच्या पुढे काम चालू ठेवू नये. उष्माघाताचा बळी बहुधा तोच ठरतो जो न खाता येतो, पाणी संपले तरी बोलत नाही आणि इतरांच्या बरोबरीने राबतो.

प्लॉगिंग हा शब्द स्वीडनचा, 2016 च्या आसपासचा. तिथल्या भाषेतला 'उचलणे' आणि 'जॉगिंग' यांचा तो जोड.  आपल्याकडे 2 ऑक्टोबर 2019 च्या सरकारी मोहिमेने प्लॉगिंग घरोघर पोचले. पण मराठवाड्यात कचऱ्याचा प्रश्न त्याच्या आधीच पेटला होता. 2018 च्या सुरुवातीला, जिथे शहराचा कचरा टाकला जाई त्या नारेगावच्या लोकांनी तो अडवला आणि तेव्हाचे औरंगाबाद कित्येक आठवडे ढिगांत होते. ज्या शहरात उचललेला कचरा टाकायला जागा नव्हती तिथे पिशवी भरून फोटो काढणे पुरेसे नव्हते. तिथल्या गटांना ते लवकर उमगले. ओल्या-सुक्याच्या दोन पिशव्या, काच आणि सुयांसाठी कडक डबा, घंटागाडीशी आधी बोलून ठरवलेली वेळ. गाडी येणार नसेल तर त्या दिवशी नुसते धावावे, कारण कोपऱ्यात रचलेला ढीग संध्याकाळी कुणीतरी पेटवतो. 2021 पासून याच शहरातून वाहणाऱ्या खाम नदीच्या पात्रात नागरिकांच्या मदतीने जे काम झाले त्यामागे हा धडा होता.

2019 नंतर खोदाई मागे पडली. बहुतेक काम यंत्रे करू लागली होती. गट झाडांकडे वळले. राज्याच्या मोहिमा 2016 मध्ये दोन कोटी रोपांपासून 2019 मध्ये 33 कोटींपर्यंत गेल्या. सगळा जोर जुलैत लावण्यावर, मोजणी लावलेल्या रोपांची. पुढच्या मे महिन्यात किती उभी आहेत हे पाहायला माणसे नव्हती. डिसेंबर ते जून पाणी घालण्याचे काम सहसा कुणाच्या हजेरीपटावर नसते, म्हणून ते व्यायामाच्या गटांसाठी योग्य ठरले. शंभर झाडे, आठवड्याला प्रत्येकी 15 लिटर, म्हणजे दीड हजार लिटर. दोन्ही हातांत 15 लिटरचे कॅन धरले तर पन्नास खेपा, वीस जणांत प्रत्येकी दोन-तीन. कॅन दोन्ही हातांत सारखा भरलेला हवा. एका हाताने ओढत नेणाऱ्याचा मणका तिरका होतो. पाणी बुंध्यावर ओतायचे नाही, हातभर अंतरावरच्या आळ्यात सावकाश सोडायचे आणि वर पाचट किंवा वाळले गवत पसरायचे, म्हणजे ते आठवडाभर पुरते. तीन उन्हाळे हे केले की कडुलिंब, करंज, वड आपल्या मुळांवर उभे राहतात. पहिल्या उन्हाळ्यात गट वीस जणांचा असतो, तिसऱ्यापर्यंत तो सहा-सातवर येतो, आणि झाडांची संख्या ठरवताना तीच संख्या धरावी लागते.