हंबकर म्हणजे रुंद पिकअप नव्हे

भाचा रविवारी सकाळी गिटार घेऊन आला. कोथरूडमधल्या कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेली, रंग छान, नेकही सरळ. "मामा, दोन हंबकर पिकअप आहेत. विकणाऱ्याने सांगितलं, आणि बघ ना, केवढे रुंद आहेत!" पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला, त्यांचा आवाज पकडून अ‍ॅम्पकडे पाठवणारा भाग. त्याने अ‍ॅम्प लावला, गेन वाढवला आणि खोलीभर घूंऽऽ सुरू झाली. तारेला हातही लागला नव्हता.

"तुझा अ‍ॅम्प बिघडलाय," तो म्हणाला.

"अ‍ॅम्प राहू दे. तू खुर्चीतच जरा खिडकीकडे वळ."

तो वळला. घूं कमी झाली. "अजून थोडा." जवळजवळ गेली. आणखी वळल्यावर परत आली. डोक्यावर ट्यूबलाइट होती, जुन्या तांब्याच्या चोकची. ती बंद केली तर अर्धी घूं तिच्याबरोबरच गेली. हंबकर असता तर अंग वळवून आवाज असा कमीजास्त झाला नसता. त्याच्या गिटारमध्ये होते पी-९०, म्हणजे रुंद अंगाचे सिंगल कॉइल, एकाच कॉइलचे पिकअप.

ही चूक एकट्या त्याची नाही. दुकानांत, सेकंडहँड जाहिरातींत, अगदी बरीच वर्षं वाजवणाऱ्यांच्या तोंडीही "अरुंद तो सिंगल कॉइल, रुंद तो हंबकर" हेच ऐकू येतं. आणि त्याला जोडूनच "सिंगल कॉइल पातळ वाजतो, हंबकर जाड वाजतो". दोन्ही अर्धसत्यं आहेत. घूं मारणं ही एक गोष्ट आणि जाड वाजणं ही दुसरी. हंबकर या नावाचा संबंध फक्त पहिलीशी आहे. घूंला, म्हणजे हमला, जो अडवतो तो हंबकर.

पिकअप उघडून बघितला तर गूढ काही नाही. चुंबक, आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची एनॅमल तार. मोटर रिवाइंडिंगवाला करतो त्याच जातीचं काम, फक्त इथली तार केसाएवढी, ०.०६३ मिलिमीटर जाडीची. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट गिटारच्या जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये तिचे साधारण ८,००० वेढे असतात. वर ताणलेली गिटारची पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज उठते. पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, तुमचं गाणंही ऐकू येत नाही, फक्त हलतं लोखंड ऐकू येतं. नायलॉन तारांच्या गिटारवर हा पिकअप मुका राहतो तो त्यामुळेच. तिथे पिएझो, म्हणजे थेट कंपनाचा दाब पकडणारा पिकअप लागतो.

पण कॉइलला हलतं चुंबकीय क्षेत्र कुठून आलं याचं सोयरसुतक नसतं. चोक, अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर, भिंतीतली वायर या सगळ्यांचं क्षेत्र ती तितक्याच इमानाने पकडते. आपली वीज ५० हर्ट्झची. बास गिटारच्या ई तारेवर तिसरी फ्रेट दाबली की जो जी मिळतो तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे आपल्याकडची घूं जीच्या किंचित वर, सेमीटोनच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने चढी लागते. जीमध्ये गाणं असेल तर मागे कुणीतरी चढा सा धरून बसल्यासारखं वाटतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथली घूं ए शार्प आणि बी यांच्या बरोबर मधोमध पडते. तिकडे ती कुठल्याच स्वरात बसत नाही. आपली निदान जीच्या आसपास तरी आहे!

हंबकरची युक्ती साधी आहे. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, एकीचं वाइंडिंग सुलटं, दुसरीचं उलटं. बाहेरून येणारी घूं दोघींत सारखीच शिरते, पण जोडणी करताना एकीची अधिक आणि दुसरीची वजा होते, म्हणजे शिल्लक जवळपास शून्य. तारेचा आवाजही असाच कटला असता. तो वाचावा म्हणून दुसऱ्या कॉइलकडे चुंबकाचा ध्रुवही उलटा ठेवतात. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं, त्यामुळे तारेचा आवाज बेरजेत येतो. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली याच्या पेटंटचा अर्ज केला, १९५७ पासून हे पिकअप गिब्सनच्याच लेस पॉल गिटारवर बसू लागले आणि पेटंट हातात पडलं १९५९ मध्ये. मधल्या काळातल्या पिकअपखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी असे. त्या चिठ्ठीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पीएएफ' हे नाव पडलं आणि आज त्याच चिठ्ठीसाठी लोक वाट्टेल तो भाव मोजतात.

त्याआधी लेस पॉलवर काय होतं? पी-९०. गिब्सन तो १९४६ पासून बनवत होतं. एकच कॉइल, पण बसकी आणि पसरट, सुमारे १०,००० वेढ्यांची, खाली दोन पट्टी चुंबकं. म्हणून तो रुंद दिसतो. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलपेक्षा भरदार वाजतो, मधले स्वर पुढे येतात, थोडा गेन दिला की गुरगुरतो. आणि घूं मात्र शंभर टक्के सिंगल कॉइलची.

मग ओळखायचं कसं? भाच्याने मल्टिमीटर काढला. इंजिनिअरिंगचा पोरगा, दुसरं काय काढणार. आठ किलो-ओहमच्या आसपास आकडा आला आणि तो म्हणाला, "हंबकर!" पण जुन्या ढंगाच्या हंबकरचाही आकडा तिथेच येतो, पी-९० चाही तिथेच. मीटर तारेचा रोध सांगतो, कॉइल किती ते सांगत नाही. त्यापेक्षा डोळे वापरा. पी-९० मध्ये सहा स्क्रूंची रांग बरोबर मधोमध असते. धातूचं झाकण असलेल्या हंबकरवर स्क्रूंची रांग एका कडेला सरकलेली दिसते, कारण दुसऱ्या कॉइलचे पोल, म्हणजे तारांकडची पोलादी टोकं, झाकणाखाली लपलेले असतात. अजून खात्री हवी असेल तर अ‍ॅम्पचा आवाज अगदी कमी ठेवून लहान स्क्रूड्रायव्हरचं टोक पिकअपवर हलकेच टेकवत न्या. हंबकरमध्ये 'टक' दोन्ही रांगांवर सारखा येतो. पी-९० मध्ये मधल्या रांगेवर मोठा, कडेला जाताना कमी. आम्ही तेच केलं आणि भाचा गप्प झाला.

उलटीही फसगत होते. स्ट्रॅटच्या अरुंद खाचेत बसणारे, वर दोन बारीक पोलादी पट्ट्या असलेले पिकअप मिळतात. अंगाने सिंगल, कामाने हंबकर. आणखी एक प्रकार म्हणजे एकावर एक रचलेल्या दोन कॉइल, ज्या बाहेरून दिसतच नाहीत.

पण माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण बासचं आहे, आणि गिटारवाले तिकडे बघतही नाहीत. फेंडरचा प्रिसिजन बास १९५१ चा, तेव्हा त्यावर साधा सिंगल कॉइल होता. १९५७ मध्ये त्याचे दोन तुकडे केले: एक ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली, थोडा पुढेमागे सरकवलेला. बघणाऱ्याला वाटतं दोन छोटे सिंगल कॉइल. प्रत्यक्षात दोन्ही तुकडे एकमेकांना उलट गुंडाळलेले, चुंबकंही उलट, जोडणी सिरीजमध्ये. म्हणजे घूं बंद. पण प्रत्येक तारेखाली कॉइल एकच! त्यामुळे हंबकरचा म्हणून जो जाडपणा आपण मानतो, तो इथे त्या कारणाने येतच नाही. पी-बास शांतही आहे आणि ठसठशीतही.

हा जाडपणा येतो कुठून, तर दोन जागी ऐकण्यातून. गिटारच्या हंबकरमध्ये दोन कॉइलच्या रांगा साधारण १९ मिलिमीटर अंतरावर असतात. जाड लाटांना एवढं अंतर किरकोळ, पण वरच्या बारीक हार्मोनिकमध्ये, म्हणजे मूळ स्वराबरोबर वाजणाऱ्या उंच उपस्वरांत, तार एका रांगेवर वर जात असताना दुसरीवर खाली येत असू शकते. ते स्वर एकमेकांना खातात आणि धार बोथट होते. शिवाय दोन कॉइल सिरीजमध्ये म्हणजे वेढे जास्त, आउटपुट जास्त, आणि वरची झळाळी थोडी आणखी खाली. स्ट्रॅटचा पिकअप तार एकाच अरुंद जागी ऐकतो, म्हणून त्यात काचेसारखी किणकिण राहते. मला स्वच्छ आवाजात सिंगल कॉइलच आवडतो. घूं धरून.

जॅझ बास, १९६० चा, आणखी मजेदार. त्यावर दोन लांबट सिंगल कॉइल, एकमेकांना उलट. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की ते दोघे मिळून हंबकर होतात. आमचा बासवाला मित्र प्रॅक्टिसला ब्रिजकडच्या, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तिकडच्या, पिकअपचा आवाज थोडा वाढवायचा म्हणून नेककडच्या पिकअपचा नॉब हळूहळू खाली करतो आणि तसतशी खोलीत घूं चढत जाते. दर वेळी तो वायर हलवून बघतो. वायरीचा दोष नाही, त्याने स्वतःच जोडी फोडलेली असते. आजच्या बहुतेक स्ट्रॅटवरही मधला पिकअप उलटा असतो, म्हणून पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी घूं नाहीशी होते.

इथे एक फरक ध्यानात ठेवावा. घूं वेगळी आणि खरखर वेगळी. घूं जाड, खर्जातली, चुंबकीय क्षेत्रातून येणारी. अंग वळवलं की बदलते. फॅनचा रेग्युलेटर किंवा डिमर करतो ती चिरकी खरखर. तारेला हात लावला की ती कमी होत असेल तर ती बरीचशी विद्युत क्षेत्रातून येते आणि हंबकरच्या उलटसुलट कॉइल तिचं फारसं काही बिघडवू शकत नाहीत. तिथे पिकअपच्या खाचेला तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थ करणं हा उपाय. लोक हजारो रुपयांचा पिकअप बदलतात आणि खरखर तिथेच.

भाच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: "मग हंबकर घेऊन कॉइल टॅप करू? दोन्ही मिळेल." आधी शब्द नीट. हंबकरची एक कॉइल बंद करणं म्हणजे कॉइल स्प्लिट. टॅप म्हणजे एकाच कॉइलच्या वाइंडिंगमधून मध्येच वायर बाहेर काढणं. दुकानात दोन्हीला टॅपच म्हणतात. स्प्लिट केल्यावर सिंगल कॉइल मिळतो खरा, पण पीएएफ जातीच्या पिकअपमध्ये एका कॉइलला साधारण ५,००० वेढे, स्ट्रॅटच्या ८,००० समोर. म्हणून स्प्लिटचा आवाज अनेकदा किरटा वाटतो. आणि घूं परत येते ती येतेच.

पॉटबद्दल, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालच्या बदलत्या रोधाबद्दल, थोडक्यात. सिंगल कॉइलला २५० के (किलो-ओहम), हंबकर आणि पी-९० ला सहसा ५०० के. पॉटचा आकडा लहान, तेवढी वरची धार जमिनीत जास्त जाते. चुकीचा पॉट बसला तर चांगला हंबकरही गोधडी पांघरल्यासारखा वाजतो. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत पॉट मिळतात, पण नुसतं "५०० के द्या" म्हणू नका. व्हॉल्यूमसाठी ज्यावर 'ए' छापलंय तो घ्या, 'बी' नको. 'बी' घेतला तर सगळा फरक नॉबच्या एका टोकाला गोळा होतो.

ब्रिज, सॅडल, नट, म्हणजे तार दोन टोकांना जिथे टेकते ते भाग, यांचा परिणाम सस्टेनवर (स्वर किती वेळ टिकतो त्यावर) आणि ट्यूनिंगवर होतो. ते ढिले किंवा झिजलेले असतील तर दुरुस्त करा. पितळ की पोलाद या वादात मी पडत नाही. तारा मात्र आधी बदला. पुण्याच्या पावसाळ्यात बाहेर टांगलेल्या गिटारच्या तारा दोनेक महिन्यांत काळ्या पडतात, आणि गंजलेल्या तारांवर कुठलाही पिकअप हंबकरसारखाच बोथट वाजतो. आणि उंची बघा. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये चुंबकाचे दांडेच वर आलेले असतात. ते जवळ आणले की तार ओढून धरतात, जाड तारांवर स्वर थरथरतो, दोन दोन ऐकू येतात. शेवटची फ्रेट दाबून तार आणि पोल यांत २ ते २.५ मिलिमीटर ठेवावेत. हंबकरमध्ये चुंबक तळाशी असतं, वर नुसतं पोलाद, म्हणून तो थोडा जवळ चालतो.

भाच्याने संध्याकाळपर्यंत ठरवलं की पी-९० बदलायचे नाहीत, ती गुरगुर त्याला भलतीच आवडली होती. मंगळवारी ताईचा फोन आला. पोरगा संध्याकाळी खोलीतला दिवा लावूच देत नाही, अंधारात खिडकीकडे तोंड करून बसतो, काही झालंय का त्याला?