सायडर मिलमधला सायडर आणि दुकानातला ॲपल ज्यूस

सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या मराठी घरांत सायडर मिलला, म्हणजे सफरचंदांचा रस पिळायच्या गिरणीला, जायचे बेत ठरू लागतात. कुणाकडे भारतातून आई-बाबा आलेले असतात, कुणाची मुलं शाळेच्या सहलीत जाऊन आलेली असतात आणि आता घरच्यांना ओढत नेत असतात. आणि दर वर्षी कुणीतरी पहिला घोट घेऊन म्हणतंच, "अरे, हा तर ॲपल ज्यूसच आहे की!" हे म्हणणं अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं समजलं की मिलमधली ती थंडगार गढूळ बाटली वेगळ्याच चवीने प्यायली जाते.

आधी दोन शंका मिटवू. भारतातून आलेल्यांना सायडर म्हटलं की वजन कमी करायला घेतात ते व्हिनेगर आठवतं. ते याच रसाचं पुढचं रूप. रसातल्या साखरेचं यीस्टने अल्कोहोल केलं आणि त्या अल्कोहोलचं जिवाणूंनी ॲसिड केलं की ॲपल सायडर व्हिनेगर तयार होतं. दुसरी शंका दारूची. इंग्लंडमध्ये सॉमरसेट किंवा हेरफर्डशरला सायडर मागितलात तर आंबवलेलाच मिळेल. अमेरिकेत मात्र नुसता सायडर म्हणजे बिनदारूचा ताजा रस, आणि आंबवलेला तो हार्ड सायडर. काही मिल दोन्ही विकतात, तेव्हा मुलांसाठी घेताना पाटी नीट वाचा.

आता मूळ जोडीकडे येऊ. सायडर आणि ज्यूस यांच्यातला फरक सफरचंदात नाही, पिळण्यातही नाही. तो पिळल्यानंतर पडतो, आणि हे डोळ्यांनी बघायचं असेल तर जुन्या मिलसारखी दुसरी जागा नाही. डेट्रॉइटच्या आसपास अशा बऱ्याच आहेत. फ्रँकलिनची मिल 1837 मधली, म्हणजे मिशिगन राज्य झालं त्याच वर्षाची. रॉचेस्टर हिल्सला क्लिंटन नदीकाठी येट्स आहे. तिथे 1863 मध्ये धान्य दळायची गिरणी उभी राहिली आणि 1876 पासून सायडर निघू लागला. डेक्सटरची, ह्यूरॉन नदीवरची मिल 1886 पासून चालू आहे. जुन्या मिल नदीकाठी दिसतात त्याचं कारण साधं आहे: यंत्रं पाण्याच्या जोरावर फिरायची. शेतकरी धान्य आणायचे तिथेच सफरचंदंही आणू लागले.

पारंपरिक प्रेसवरचं काम मी दर वेळी कठड्याला टेकून बघत राहते. धुतलेली सफरचंदं सालीबियांसकट यंत्रात जाऊन भरडली जातात. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर एक जाडसर कापड अंथरतात, त्यावर हा ओला भरडा ओततात, हाताने सारखा करतात आणि कापडाची चारही टोकं आत दुमडून घट्ट पाकीट करतात. त्यावर दुसरी चौकट, दुसरं कापड, पुन्हा भरडा. अशी पाकिटं एकावर एक चढत जातात. प्रेसचा दाब पडण्याआधीच, नुसत्या वरच्या थरांच्या वजनाने, खालच्या कापडांतून रस झिरपायला लागतो. मग हायड्रॉलिक प्रेस हळूहळू खाली येतो आणि चारही बाजूंनी तपकिरी धारा लागतात. शेवटी कापड उलगडलं की आत कोरडी, पातळ वडी उरलेली असते. हा चोथा बहुधा गुरांच्या चाऱ्यात जातो. एक बुशेल, म्हणजे साधारण 19 किलो सफरचंदांतून 11 लिटरच्या आसपास रस निघतो.

इथपर्यंत सायडर आणि ज्यूस एकच. मिलमध्ये हा रस जाड गाळणीतून गाळून, थंड करून बाटलीत भरतात. पेक्टिन, म्हणजे फळातला चिकट तंतुमय पदार्थ, त्यातच राहतं, फळाचे बारीक कणही राहतात, म्हणून तो गढूळ दिसतो. रंगाचं कारण वेगळं. सफरचंद चिरून ठेवलं की ज्या एन्झाइममुळे काळपट पडतं, तेच एन्झाइम भरड्याला हवा लागताच कामाला लागतं. उसाचा रस थोडा वेळ राहिला की काळा पडतो, तसंच हे. ज्यूसच्या कारखान्यात हे सगळं काढून टाकायचा खटाटोप असतो. पेक्टिन तोडायला एन्झाइम घालतात, मग रस इतका बारीक गाळतात की आरपार दिसावं. पुष्कळदा त्यातलं पाणी उडवून दाट कॉन्सन्ट्रेट करतात, वास वेगळा पकडून ठेवतात, आणि भरायच्या वेळी पाणी आणि वास परत मिसळतात. बाटलीची मागची बाजू वाचा, कॉन्सन्ट्रेट चीन किंवा तुर्कस्तानसारख्या देशांतून आल्याचं लिहिलेलं सापडेल. यात फसवणूक काही नाही. महिनोन् महिने फळीवर टिकणारं, दर वेळी तंतोतंत तीच चव देणारं पेय हवं असेल तर हेच करावं लागतं.

पण सायडरची खरी गंमत चव बदलण्यातच आहे, आणि ज्यूसवाल्यांना नेमकं तेच नको असतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला लवकर पिकणारी थोडीच सफरचंदं हाताशी असतात, मग मॅकिंटॉश ही जात येते, रस पातळसर आणि आंबटाकडे झुकलेला निघतो. ऑक्टोबर उतरणीला लागेपर्यंत जॉनथन, आयडा रेड, नॉर्दर्न स्पाय अशी उशिरा येणारी फळं मिळतात. त्यांतली काही गोड, काही करकरीत आंबट, काही किंचित तुरट. मिलवाला ती मिसळतो आणि सायडरला अंग येतं. माझं मत विचाराल तर मिलला एकदाच जायचं असेल तर ऑक्टोबरच्या मध्यानंतर जा. झाडंही तेव्हाच रंगात असतात, आणि थंडी पडल्यामुळे सप्टेंबरात ग्लासाभोवती घोंघावणाऱ्या पिवळ्या गांधीलमाशा बऱ्याच कमी झालेल्या असतात. सोबतीचे गरम डोनट घेताना शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं, पिठात बहुधा अंडं असतं.

तब्येतीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण 'नॅचरल' म्हणून सायडर आजी-आजोबांच्या हातात बिनधास्त दिला जातो. गढूळ रसात पॉलिफेनॉल्स (फळांतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) गाळलेल्यापेक्षा जास्त राहतात, हे खरं. साखर मात्र दोघांत जवळपास सारखीच: 240 मिलीच्या कपात 25 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहा चमचे. मधुमेह असलेल्यांना या बाबतीत सायडर काही सूट देत नाही. चोथा मिलमध्येच राहिला, त्यामुळे फायबरची आशाही धरू नये.

दुसरा धोका कच्च्या रसाचा. दुकानातला फळीवरचा ज्यूस पाश्चराइज केलेला, म्हणजे तापवून जंतू मारलेला असतो, मिलमधला सायडर असेलच असं नाही. 1991 मध्ये मॅसॅच्युसेट्सला कच्च्या सायडरमधून आणि 1996 मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांत कच्च्या ॲपल ज्यूसमधून ई. कोलाय या जिवाणूची घातक लागण पसरली होती. 1996 मध्ये एका तान्ह्या मुलीचा जीव गेला. त्यानंतर 1998 पासून प्रक्रिया न केलेल्या रसाच्या बाटलीवर इशारा छापणं सक्तीचं झालं, आणि 2001 च्या नियमाने रस बनवणाऱ्यांना घातक जंतू एक लाखपट कमी करणारी प्रक्रिया बंधनकारक केली. स्वतःच्याच जागेवर थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्यांना त्यातून सवलत आहे, मात्र इशाऱ्याची चिठ्ठी हवीच. काही मिल उष्णतेऐवजी अतिनील किरणांनी जंतू मारतात, त्यात ताजी चव बरीचशी टिकते. काउंटरवर सरळ विचारा, "पाश्चराइज्ड आहे का? यूव्ही केलाय का?" त्यात अवघडण्यासारखं काही नाही. उत्तर 'नाही' आलं आणि घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं असतील, तर घरी आणून सायडरला एक उकळी आणा. दालचिनी, दोन लवंगा आणि आल्याचा तुकडा घातला की थंडीच्या संध्याकाळी त्याहून बरं काही नाही.

दुकानात बाटलीवरच्या नावावर फार भरवसा ठेवू नका. सायडर कशाला म्हणायचं आणि ज्यूस कशाला, याची काटेकोर रेषा देशाच्या कायद्यात आखलेली नाही. सणासुदीला मिळणारा, बुडबुडे येणारा 'स्पार्कलिंग सायडर' बघा: तो बहुधा गाळलेला, पारदर्शक, पाश्चराइज केलेला ॲपल ज्यूसच असतो, फक्त त्यात गॅस भरलेला असतो. सायडर हवा असेल तर फ्रिजच्या कपाटात शोधा, गढूळपणा बघा, तळाशी साका बसलाय का ते बघा.

मिलमधून गॅलनचा (सुमारे पावणेचार लिटरचा) जग घेतलात तर तो गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवू नका. फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस चांगला राहतो. पुढे झाकण उघडताना फुस्स आवाज आला आणि जिभेला चुरचुर लागली, तर यीस्टने काम सुरू केलंय असं समजा. तो मुलांना देऊ नका. जास्त दिवस ठेवायचा असेल तर ताजा असतानाच फ्रीझरमध्ये टाका, पण आधी एक कपभर रस काढून घ्या, कारण गोठताना तो फुगतो आणि भरलेला जग फुटतो. घरी व्हिनेगर करायचं मनात असेल तर पोटॅशियम सॉर्बेट हे टिकवण्याचं रसायन न घातलेला जग निवडा. ते यीस्टला वाढूच देत नाही, आणि महिनाभर वाट बघूनही हाती फक्त शिळा सायडर लागतो.