नाव प्रशिक्षकाचं, जमीन जनकाची : ॲलन फील्डहाउसची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात बास्केटबॉल सुरू झालं ते एका तळघरात. स्नो हॉल नावाच्या जुन्या इमारतीखालच्या त्या खोलीची उंची जेमतेम 11 फूट. रिंग 10 फुटांवर लावायची हे ठरलेलंच होतं, म्हणजे रिंग आणि छत यांच्यात उरत होता एक फूट. चेंडू छानपैकी कमान घेऊन बास्केटमध्ये पडावा, अशी सोयच नव्हती. जरा उंच टाकला की तो छताला आपटायचा. आज त्याच विद्यापीठातलं ॲलन फील्डहाउस बास्केटबॉलच्या जगात तीर्थक्षेत्रासारखं मानलं जातं. तळघरापासून इथपर्यंतचा प्रवास समजून घ्यायचा, तर इमारतीआधी दोन माणसांची ओळख करून घ्यावी लागते.

पहिला जेम्स नेस्मिथ. डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे त्यानं हा खेळ शोधून काढला. हिवाळ्यात व्यायामशाळेत अडकून पडलेल्या तरुणांना गुंतवून ठेवणारा, पण हाणामारीपर्यंत न जाणारा खेळ त्याला हवा होता. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, 13 नियम टंकलिखित करून सूचनाफलकावर लावले आणि खेळ सुरू झाला. 1898 मध्ये तो लॉरेन्स गावातल्या कॅन्सस विद्यापीठात आला. प्रार्थनागृह आणि शारीरिक शिक्षण, दोन्हीची जबाबदारी त्याच्याकडे होती. त्यानं बास्केटबॉलचा संघही बांधला. या पहिल्या प्रशिक्षकाच्या खात्यावर 55 विजय आणि 60 पराभव आहेत. या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला तो एकटाच, आणि खेळाचा जनकही तोच! यात मला त्याची नामुष्की वाटत नाही. जिंकणं हे त्याच्या लेखी खेळाचं प्रयोजनच नव्हतं. मुलांची शरीरं घडावीत, स्वभाव घडावेत, एवढ्यासाठी त्यानं खेळ काढला होता.

दुसरा फॉरेस्ट ॲलन, नेस्मिथच्याच हाताखाली खेळलेला. बेसबॉलच्या सामन्यात पंचगिरी करताना त्याचा आवाज धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यासारखा घुमायचा, म्हणून त्याला ‘फॉग’ हे नाव पडलं आणि जन्मभर चिकटलं. त्याला दुसऱ्या एका महाविद्यालयाकडून प्रशिक्षकपदाचं बोलावणं आलं, तेव्हा नेस्मिथनं हसून त्याला समजावलं, अशी गोष्ट सांगतात : अरे, हा खेळ कोणी शिकवायचा नसतो, तो नुसता खेळायचा असतो. ॲलननं ऐकलं नाही. कॅन्ससमध्ये तो 39 हंगाम प्रशिक्षक होता, 590 सामने जिंकला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश व्हावा म्हणून त्यानं वर्षानुवर्षं खटपट केली, आणि तो झाला तेव्हा म्हातारा नेस्मिथ ते पाहायला बर्लिनला गेला. केंटकीचा ॲडॉल्फ रप आणि नॉर्थ कॅरोलायनाचा डीन स्मिथ हे पुढे प्रचंड नावाजलेले दोन प्रशिक्षक ॲलनचेच खेळाडू. गुरूचं म्हणणं शिष्यानं खोटं ठरवलं, पण गुरूवरची माया कधी आटली नाही.

दरम्यान खेळाची जागा बदलत होती. 1907 मध्ये रॉबिन्सन व्यायामशाळा झाली. ती पुरेना, म्हणून 1927 पासून सामने हॉक सभागृहात होऊ लागले. हे सभागृह खरं तर गाण्याबजावण्याच्या आणि भाषणांच्या कार्यक्रमांसाठीचं. बास्केटच्या मागच्या भिंती आत वळलेल्या आणि नक्षीदार. नेम धरताना बास्केट हलतंय की काय, असा भास पाहुण्या खेळाडूंना व्हायचा. भीतीचं घर म्हणूनच ते ओळखलं जायचं. पुढे 1991 च्या जूनमध्ये वीज पडून ते जळालं. दर्शनी भाग तेवढा वाचला.

1952 मध्ये ॲलनच्या संघानं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं आणि मोठ्या वास्तूची मागणी टाळता येईना. पण कोरियन युद्ध चालू होतं आणि पोलादावर सरकारी नियंत्रण होतं. खेळाच्या इमारतीसाठी एवढं पोलाद मिळणं कठीण. मग आराखड्यात शस्त्रं ठेवायच्या खोल्या घालण्यात आल्या. ही इमारत लष्करी शिक्षणासाठी शस्त्रागार म्हणूनही वापरता येईल असं दाखवलं गेलं, तेव्हा कुठे पोलाद मिळालं. खर्च 25 लाख डॉलरच्या थोडा वर गेला.

फील्डहाउस हा शब्दही समजून घेण्यासारखा आहे. कडाक्याच्या थंडीत धावपटूंना, मैदानी खेळाडूंना छपराखाली सराव करता यावा म्हणून बांधलेली ही अवाढव्य कोठारासारखी इमारत. त्यामुळे ॲलन फील्डहाउसची मूळ जमीन मातीची होती. त्या मातीवर बास्केटबॉलचं लाकडी कोर्ट उचलून मांडलेलं आणि भोवती धावपट्टी. 1980 च्या दशकात शेजारी सरावासाठी वेगळी इमारत झाली, तोवर हा कारभार असाच होता. बाहेरून चुनखडीच्या दगडाच्या भिंती, आत छताला पोलादी कैच्या, वर उंच खिडक्या. दुपारचा सामना असेल तर त्या खिडक्यांतून ऊन आत उतरतं. बंदिस्त डब्यासारख्या नव्या क्रीडागृहांत हे सुख मिळत नाही. चारी बाजूंनी बाकांच्या रांगा थेट कोर्टाला भिडलेल्या, त्यामुळे आवाज बाहेर पळत नाही. तो खेळाडूंच्या अंगावर येतो.

1 मार्च 1955 रोजी पहिला सामना झाला, शेजारच्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाशी. प्रेक्षक 17 हजारांवर. यजमानांनी तो 77-67 असा जिंकला. ॲलन तेव्हा अजून प्रशिक्षक होता. स्वतःचं नाव कोरलेल्या इमारतीत उभं राहून संघ खेळवण्याचं भाग्य किती जणांना मिळतं? पण ते फार टिकलं नाही. सत्तरी आली, विद्यापीठाच्या नियमानुसार निवृत्ती अटळ होती, आणि 1956 मध्ये त्याला जावं लागलं. मला या इतिहासातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट ही वाटते, कारण त्यानंच फिलाडेल्फियाहून सात फुटी विल्ट चेंबरलेनला इथे आणलं होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेव्हा मुख्य संघातून खेळता येत नसे. चेंबरलेनचं ते वर्ष संपलं आणि ॲलनची कारकीर्दही. 3 डिसेंबर 1956 ला, मुख्य संघातल्या पहिल्याच सामन्यात, चेंबरलेननं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्ध 52 गुण केले. तेव्हा संघ दुसऱ्याच्या हाती होता.

ही वास्तू फक्त खेळाची राहिली नाही. 18 मार्च 1968 रोजी, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर करून दोनच दिवस झालेले असताना, रॉबर्ट केनेडी इथे बोलले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात सिगारेटच्या जाहिरातीही मोजल्या जातात, मात्र मुलांचं आरोग्य आणि कवितेचं सौंदर्य त्यात येत नाही, हे त्यांचं प्रसिद्ध प्रतिपादन याच छताखालचं. अर्थशास्त्राचे अभ्यासक आजही त्या भाषणाचा दाखला देतात. जूनमध्ये केनेडींची हत्या झाली.

इथल्या चालीरीती विद्यार्थ्यांनी घडवल्या. पाहुण्या संघाची ओळख करून दिली जात असताना विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरतात, जणू या मंडळींत आपल्याला काडीचा रस नाही. आपला संघ येताच त्याच कागदांचे कपटे हवेत उडतात. विजय नक्की झाला की ‘रॉक चॉक, जेहॉक’ ही आरोळी संथ, लांबवलेल्या सुरात सुरू होते. जेहॉक हे इथल्या संघाचं नाव. ही आरोळी 1886 मधली, रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाची. विद्यापीठाच्या टेकडीवर सापडणाऱ्या चुनखडीच्या खडकाचं नाव तिच्यात आलं आहे. आणि उत्तरेकडे वर टांगलेला तो मोठा फलक : आत येणाऱ्या सर्वांनी ध्यानात ठेवावं, फॉगपासून सावध! ॲलनचं टोपणनाव आणि धुकं, दोन्ही अर्थ त्या एका शब्दात. 1988 मध्ये विद्यार्थ्यांनी हा फलक रंगवला तो वसतिगृहातल्या न्हाणीघराच्या पडद्यांवर! एवढं कापड दुसरीकडून कुठून आणणार? ते पडदे पार विरून गेले, तेव्हा 2014 मध्ये मूळ फलक उतरवून तसाच दुसरा लावण्यात आला. 13 फेब्रुवारी 2017 ला वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धच्या सामन्यावेळी इथला गोंगाट 130.4 डेसिबल मोजला गेला आणि बंदिस्त जागेतल्या सर्वाधिक गोंगाटाचा विक्रम म्हणून गिनेसमध्ये नोंदला गेला.

इमारत ॲलनच्या नावाची, पण ज्या लाकडी जमिनीवर सामना होतो तिचं नाव जेम्स नेस्मिथ कोर्ट. समोरच्या रस्त्यालाही नेस्मिथचंच नाव. नेस्मिथ 1939 मध्ये गेला, ही वास्तू उभी राहण्याआधी 16 वर्षं. लॉरेन्समध्येच त्याचं दफन झालं.

त्याच्या 13 नियमांची मूळ दोन टंकलिखित पानं 10 डिसेंबर 2010 रोजी न्यूयॉर्कला लिलावात निघाली. विद्यापीठाचे माजी विद्यार्थी डेव्हिड बूथ आणि त्यांच्या पत्नीनं ती 43 लाख डॉलरला घेतली. इमारतीच्या बांधकामापेक्षा जास्त रक्कम, अर्थात त्या काळचा डॉलर वेगळा. 2016 मध्ये फील्डहाउसला जोडून एक नवी इमारत उघडली आणि पानं तिथे काचेआड ठेवली गेली. वाचायला लागलं की आठव्या नियमाशी थांबायला होतं : चेंडू टोपलीत जाऊन तिथेच राहिला तर गोल. टोपलीला तेव्हा बूड होतं, म्हणून हे वाक्य. पुढे दोन पंचांची कामं वाटून दिली आहेत, 15 मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती सांगितली आहे. बरोबरी झाली तर कर्णधारांनी काय ठरवायचं, तेही आहे. प्रशिक्षकाचा उल्लेख मात्र दोन्ही पानांवर कुठेच नाही.