सांडलेले मेण काढणे

सांडलेले मेण काढणे : मेणबत्ती, मेणाची पणती किंवा टी-लाइट यांतून ओघळून फरशी, लाकूड, कापड, भिंत वा भांडे यांवर थिजलेले मेण मूळ पृष्ठभागाला इजा न होता उतरवण्याची घरगुती कृती. महाराष्ट्रात हे काम सर्वांत जास्त निघते ते लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, उंबरठ्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर आणि गॅलरीच्या कठड्यावर. वसई आणि गोव्याकडील ख्रिस्ती घरांत नाताळात अल्तारावरच्या कापडावर मेण ओघळते, तर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींच्या संगमरवरावर त्याचे थर साचतात.

बाजारातील बहुतेक मेणबत्त्या पॅराफिन मेणाच्या असतात. हे मेण खनिज तेलाच्या शुद्धीकरणात मिळते. आसामातील दिग्बोईचा कारखाना त्यासाठी ओळखला जातो. मेणबत्तीचे पॅराफिन साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांच्या आसपास वितळते आणि थिजल्यावरही चिवट राहते, त्यामुळे ते खरवडायला अधिक वेळ लागतो. सोयाबीन तेलापासून केलेले सुगंधी मेण मऊ असते व बोटाला चिकटते. पॅराफिन थंड झाले की आक्रसते आणि ठिसूळ होते. पाण्यात ते विरघळत नाही. टर्पेंटाइन, रॉकेल अशा द्रवांत विरघळते. सगळी कृती या गुणांवर उभी आहे.

हातून सर्वाधिक होणारी चूक म्हणजे पडलेल्या मेणावर लगेच गरम पाणी ओतणे. मेण वितळले म्हणजे निघाले असे नव्हे. ते फक्त जागा बदलते. पातळ झालेले मेण फरशीच्या सांध्यात, कापडाच्या विणीत, लाकडाच्या रेषांत उतरते आणि तिथे पुन्हा थिजते. म्हणून क्रम नेहमी एकच ठेवावा : आधी थंड करून जेवढे निघेल तेवढे घन रूपातच काढावे, मग उरलेल्या पातळ थरालाच ऊब द्यावी, आणि ऊब देण्याआधी वितळलेले मेण शोषून घेणारा कागद जागेवर असावा.

ओले मेण फडक्याने पुसू नये. थेंब असतील तर वीसएक मिनिटे, मोठे थारोळे असेल तर तासभर थांबावे. वरून कडक दिसले तरी आत मऊ असते. घाई असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे घालून ती पिशवी दहा मिनिटे मेणावर ठेवावी. पिशवी फुटकी नसावी, विशेषतः लाकडावर आणि रेशमावर. मग जुने एटीएम कार्ड किंवा प्लास्टिकची पट्टी जवळजवळ आडवी धरून कडेकडून मध्याकडे ढकलावी. सुरी किंवा पत्र्याचे उलथणे वापरू नये. मेण निघते, पण त्याखाली ओरखडा राहतो आणि तो कायमचा असतो.

फरशी आणि ओटा

दिवाळीत मेणात रांगोळी मिसळलेली असते आणि खरे नुकसान तिथेच होते. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. ती मेणासकट फरशीवर घासली गेली तर पॉलिश पेपरसारखे काम करते. म्हणून आधी मऊ कुंचा किंवा व्हॅक्यूम क्लीनरने सुटी रांगोळी पूर्ण उचलावी, मगच मेणाला हात लावावा. मेणाखाली रांगोळी असेल तर पट्टीने ढकलण्याऐवजी बर्फाने ठिसूळ करून तुकडा सरळ वर उचलावा. रंगीत रांगोळीवर तर गरम पाणी मुळीच नको, कारण वितळलेले मेण रंग घेऊनच दगडात मुरते.

चकचकीत टाइल आणि ग्रॅनाइट यांवर एवढ्यानेच बहुतेक काम होते. उरलेला धुरकट थर कोमट पाण्यात भांडी घासायचा द्रव साबण घालून स्पंजाने पुसावा. शहाबादी फरशी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर यांची गोष्ट वेगळी. हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचे आम्ल लागले की त्यांची झिलई जाते व तिथे पांढुरका चट्टा उठतो. मेणावर आम्लाचा तसाही काही परिणाम होत नाही, त्यामुळे हा उपाय दुहेरी वाया जातो. अशा दगडावर टीपकागद ठेवून हेअर ड्रायरची मंद हवा वीसएक सेंटिमीटरवरून द्यावी, कागद तेलकट झाला की बदलावा. तरीही गडद डाग उरला तर टर्पेंटाइनचे दोनतीन थेंब पांढऱ्या फडक्यावर घेऊन टिपावे आणि लगेच साबणपाण्याने पुसावे. टर्पेंटाइन किंवा रॉकेल वापरताना जवळ दिवा, गॅस, उदबत्ती काहीही पेटते नसावे, खिडकी उघडी असावी, आणि भिजलेली फडकी बोळा करून न ठेवता उघड्यावर पसरून वाळवावी.

लाकूड आणि सनमायका

जुन्या सागवानी फर्निचरवर बहुधा लाखेचे फ्रेंच पॉलिश असते. लाख थोड्या उष्णतेने मऊ पडते आणि स्पिरिटात विरघळते, त्यामुळे इस्त्री आणि स्पिरिट दोन्ही इथे वर्ज्य. थंड करून खरवडावे, मंद हेअर ड्रायरने काही सेकंदच ऊब देऊन लाकडाच्या रेषांच्या दिशेने सुती फडक्याने टिपावे. सनमायका बराच सोसतो, पण कडेच्या पट्टीला उष्णता देऊ नये. खालचा गोंद सुटून पट्टी उचकटते.

कापड

सुती चादर, टेबलक्लॉथ, उशीचे अभ्रे यांसाठी इस्त्रीची पद्धत उत्तम आहे. लहान कापड अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून मेणाचे तुकडे मोडून काढावे. मग डागाच्या खाली आणि वर टीपकागद किंवा साधा तपकिरी कागद घालून इस्त्री सर्वांत कमी खुणेवर, म्हणजे एका टिंबावर, वाफ बंद ठेवून फिरवावी. एका टिंबाची मर्यादा ११० अंशांच्या आसपास असते आणि मेण त्याच्या बरेच खाली वितळते. इस्त्री याहून तापवून काहीच फायदा नाही. उलट मेण जोरात पसरते आणि नायलॉन, पॉलिएस्टर आक्रसतात. इस्त्री पाचदहा सेकंद टेकवावी, उचलावी, कागदाचा कोरा भाग डागावर आणावा. कागदावर तेलकट ठसा उमटेनासा होईपर्यंत हे चालू ठेवावे. बटर पेपर इथे उपयोगाचा नाही, तो शोषतच नाही. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कापडावर उतरते. इस्त्रीच्या तळाला मेण लागले तर ती कोमट असतानाच जुन्या सुती कापडावर फिरवावी.

कडेने राहिलेल्या तेलकट वलयावर द्रव साबण चोळून पंधरा मिनिटांनी कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुवावे. रंगीत मेणबत्तीचा रंग मेण गेल्यावरही मागे राहतो. त्यासाठी डाग पांढऱ्या फडक्यावर पालथा घालून मागच्या बाजूने स्पिरिटच्या बोळ्याने टिपावे, मात्र आधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंब लावून कापडाचा स्वतःचा रंग जातो का ते पाहावे. मेण न काढता कापड वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात टाकले तर ते इतर कपड्यांवर आणि मशीनच्या नळीत जाऊन बसते.

मेण पुष्कळ असेल आणि कापड पक्क्या रंगाचे सुती असेल, तर बाटिक करणाऱ्यांची, म्हणजे कापडावर मेणाने नक्षी झाकून ते रंगवणाऱ्यांची रीत घ्यावी. कच्छमधील मुंद्रा किंवा उज्जैनजवळचे भेरूगढ इथले कारागीर मेण काढण्यासाठी कापड उकळत्या पाण्यातून काढतात. घरी जुन्या पातेल्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून कापड दहा मिनिटे उकळावे. मेण पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते; कापड त्या तवंगातून तसेच उचलले तर सगळे मेण पुन्हा त्याला चिकटते, म्हणून आधी तवंग झाऱ्याने किंवा कागदाने काढून घ्यावा.

पैठणी किंवा जरीकाम असलेली साडी असेल तर घरी फक्त सुटणारे तुकडे हलक्या हाताने काढावे आणि डाग मेणाचा आहे हे स्पष्ट सांगून साडी ड्रायक्लीनिंगला द्यावी. तिथला द्रावक मेण सहज विरघळवतो. जरीवर पट्टी अडकून तार उचकटली तर ती पुन्हा बसत नाही.

गालिच्यावरही इस्त्रीचीच रीत, पण एका टिंबाच्या वर कधीच नाही आणि कागदाखेरीज टेकवायची नाही. कृत्रिम धाग्याची लव एकदा चपटी झाली की उभी राहत नाही.

भिंत, समई, काचेची पात्रे

मेणबत्ती फुंकर मारून विझवताना शिंतोडे भिंतीवर उडतात. डिस्टेंपर असेल तर पाण्याने घासू नये, रंगच निघतो. हेअर ड्रायर आणि कागद पुरेसे आहेत. डाग राहू देऊन वरून नवा रंग दिला तर मेणावर तो धरत नाही. पितळेची समई किंवा निरांजन गरम पाण्यात बुडवून ठेवावे, पाणी पूर्ण निवू द्यावे आणि वर जमलेली मेणाची चकती उचलावी. काचेच्या पात्रावर एकदम उकळते पाणी ओतल्यास ते तडकते. त्याऐवजी तासभर फ्रीझरमध्ये ठेवले की मेण आक्रसून बहुधा अखंड सुटते.

मेणमिश्रित गरम पाणी मोरीत किंवा बेसिनमध्ये कधीही ओतू नये. थंड नळीच्या वळणात ते थिजते आणि त्यावर केस, खरकटे अडकून पाणी तुंबते. अंगावर गरम मेण पडले तर ते ओढून काढू नये. तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा.

काढलेले स्वच्छ मेण पाण्याच्या पातेल्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात वितळवून, मलमलीतून गाळून पुन्हा मेणबत्तीसाठी वापरता येते. रांगोळी किंवा काजळी मिसळलेले मेण मात्र टाकून द्यावे, कारण त्यातले कण वातीत अडकून ज्योत मंद होते.