विमुक्त दिन आणि १८७१च्या कायद्याचा दुसरा भाग : पार्श्वभूमी

३१ ऑगस्टला महाराष्ट्रात तांड्यांवर, वस्त्यांवर आणि तालुक्याच्या सभागृहांत, जन्माने गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्यातून सुटलेल्या जमातींचा विमुक्त दिन साजरा होतो. त्यानंतर सहाच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, मोठ्या शहरांतले तृतीयपंथी आणि समलिंगी कार्यकर्ते समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणाऱ्या कलम ३७७च्या निकालाची आठवण काढतात. दोन्हीकडे माणसं वेगळी, फलक वेगळे, वक्तेही वेगळे. पहिल्या कार्यक्रमात हिजड्यांचा उल्लेख क्वचितच येतो, दुसऱ्यात पारध्यांचा किंवा कंजारभाटांचा जवळजवळ कधीच नाही. या दोन्ही इतिहासांचा एक मोठा दुवा मात्र एकाच कायद्यात आहे. १८७१ सालच्या सत्ताविसाव्या कायद्याचे, म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्याचे, दोन भाग होते. पहिल्या भागाने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो भाग चळवळीतल्या पोरासोरांनाही पाठ आहे, त्यामुळे इथे पुन्हा उगाळत नाही. दुसरा भाग हिजड्यांविषयी होता आणि आपल्याकडे त्याची चर्चा फार कमी झाली आहे.

कायदा येण्याआधी मराठी मुलखातलं चित्र वेगळं होतं. हिजड्यांना ठरलेल्या गावांत मागण्याचा हक्क होता आणि त्याला नुसत्या रिवाजाचा आधार नव्हता, राज्यकर्त्यांच्या सनदा होत्या. कुणब्यांच्या घराघरातून धान्य आणि थोडी रोकड मिळे. काहींकडे इनाम जमिनी होत्या. रामोश्यांचाही असाच गावराखणीचा हक्क होता, पुरंदरसारख्या किल्ल्याच्या राखणीत ते होते. १८१८ला राज्य बदललं आणि या दोन्ही हक्कांना उतरती कळा लागली. रामोश्यांच्या बाजूने उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी दिलं, म्हणून तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे. हिजड्यांची कहाणी दफ्तरात राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई सरकारने भूमिका घेतली की मागण्याच्या हक्काला, मग तो आधीच्या राजवटीने दिलेला का असेना, सरकार यापुढे पाठबळ देणार नाही. कुणाला फाशी झाली नाही, कुणाचं स्मारक झालं नाही. सनदेचा कागद तेवढा निकामी झाला.

बाकीच्यांचंही साधारण त्याच काळात तसंच झालं. बंजाऱ्यांच्या बैलांवरून जाणारं मीठ आणि धान्य रेल्वेने नेलं. पारध्यांची शिकार जंगलाच्या कायद्यांनी चोरी ठरवली. फिरणं हाच ज्यांच्या पोटापाण्याचा मार्ग होता, त्यांचं फिरणं संशयास्पद झालं.

दुसऱ्या भागात काय होतं

१८७१चा कायदा सुरुवातीला उत्तर भारतात लागू झाला. वायव्य प्रांत (आजच्या उत्तर प्रदेशाचा मोठा भाग), अवध आणि पंजाब हे त्याचं क्षेत्र. हिजड्यांबद्दलची सरकारी धास्ती मुख्यतः वायव्य प्रांतातली. १८५२ साली मैनपुरी भागात एका हिजड्याचा खून झाला. त्या खटल्याच्या निमित्ताने, बळी गेलेल्याची फिकीर करण्याऐवजी, साहेबांनी अख्ख्या समाजावरच अविश्वास दाखवला. या लोकांवर राज्य करता येत नाही, असा त्यांचा सूर होता. पुढच्या वीस वर्षांत हिजड्यांची संख्या हळूहळू संपवायची, असं धोरण आकाराला आलं.

कलमं वाचताना अंगावर काटा येतो. मुलं पळवण्याचा, त्यांचं लिंगच्छेदन करण्याचा किंवा कलम ३७७खालच्या गुन्ह्याचा ‘वाजवी संशय’ असलेल्या हिजड्यांची नावं आणि राहण्याची ठिकाणं पोलिसांच्या वहीत चढवायची. त्यांच्या मालमत्तेची वेगळी यादी करायची. वहीत नाव चढलेल्या माणसाने रस्त्यावर, किंवा रस्त्यावरून दिसेल अशा जागी, बाईचे कपडे किंवा दागिने घातले, नाच केला, गाणं-बजावणं केलं, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालचा मुलगा घरात ठेवला, तरी तेवढीच शिक्षा. नोंद झालेल्या हिजड्याला कुणाचं पालक होता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही.

ही शेवटची चार बंधनं सगळ्यात क्रूर आहेत, असं मला वाटतं. हिजड्यांचं घर गुरू आणि चेल्याच्या नात्यावर उभं असतं. गुरूचं जे काही असेल ते चेल्याकडे जातं. कपड्यांवरची बंदी आजचं पोट मारते, तर मृत्युपत्रावरची आणि दत्तकावरची बंदी घराणंच बुडवते.

हिजडा कोण, हे कसं ठरवायचं? जो स्वतः नपुंसक असल्याचं कबूल करेल किंवा वैद्यकीय तपासणीत तसा दिसेल तो, असं कायदा म्हणतो. म्हणजे शरीराची झडती. पहिल्या भागात जमात अधिसूचित झाली की ती अधिसूचना कोर्टातही तपासता येत नव्हती. एकीकडे जन्माचा पुरावा, दुसरीकडे शरीराचा. कुणी प्रत्यक्षात काय केलं, हा प्रश्न दोन्हीकडे मागे पडला.

१९११च्या कायद्याने पहिल्या भागातली तरतूद देशभर नेता आली आणि आपल्याकडचा परिचित अध्याय सुरू झाला. चावडीवरची हजेरी, बोटांचे ठसे, गाव सोडताना पास, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआडच्या सेटलमेंट. आतली माणसं गिरणीत राबायला जायची आणि परत आली की मोजली जायची. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे वस्तीचं नाव म्हणून आजही लोकांच्या तोंडी आहे. या काळावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे, ऐंशीच्या दशकातल्या आत्मकथनांनी तर तो घराघरात नेला.

नेमकं कोण मुक्त झालं?

इथे गुंता आहे आणि तो सोडवल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ हा दिवस गुन्हेगार जमाती कायदा रद्द करणाऱ्या केंद्राच्या कायद्याचा. मुंबई राज्याने आपल्यापुरता तो जुना कायदा १९४९ सालीच काढून टाकला होता आणि मद्रासने त्याच्याही आधी. तरीही देशभरच्या जमातींनी १९५२ची तारीख धरली आणि ते योग्यच झालं. फिरस्त्या माणसाला मुंबई राज्याची हद्द ओलांडली की पुन्हा गुन्हेगार व्हावं लागत असेल, तर त्याला अर्धवट मुक्ती काय कामाची? त्या वेळी सुमारे १२७ जमाती आणि १ कोटी ३० लाखांच्या आसपास माणसं या कायद्याखाली होती, असा आकडा नेहमी दिला जातो.

पण १९५२ला जो रद्द झाला तो आधीच्या कायद्यांच्या जागी आलेला १९२४चा कायदा, आणि त्यात हिजड्यांविषयीची कलमंच नव्हती. म्हणजे १८७१ला ज्यांना एकत्र बांधलं, त्यांच्यापैकी एका गटाला सुटकेची तारीख मिळाली आणि दुसऱ्याला तशी तारीखच नाही. म्हणूनच आजच्या याद्यांत ‘विमुक्त’ म्हटलं की बेरड, कैकाडी, वडार, रामोशी, छप्परबंद ही नावं येतात, हिजडे येत नाहीत. तांत्रिक अंगाने हे बरोबर आहे. इतिहास म्हणून ते अपुरं आहे.

कलमं गेली तरी त्यांची नक्कल शिल्लक राहिली. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता, १९१९ साली हिजड्यांच्या नोंदणीचा वेगळा कायदा झाला. तीच व्याख्या, तीच वही, बाईच्या कपड्यांवर तीच बंदी, तीच दोन वर्षं. संस्थान गेलं, राज्यं बदलली, भाषावार प्रांतरचना झाली, तेलंगणात हा कायदा पुस्तकात तसाच राहिला. २०१८ला त्याला स्थगिती मिळाली आणि जुलै २०२३मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनंतर! कर्नाटकात तर २०११ साली पोलीस कायद्यात नवं कलम घातलं गेलं: हिजड्यांची नोंदवही ठेवायची, आणि कारण पुन्हा मुलं पळवण्याचा आणि अनैसर्गिक गुन्ह्याचा संशय. दीडशे वर्षांपूर्वीची वाक्यं जवळपास जशीच्या तशी. २०१६ला आक्षेपानंतर त्या कलमातला हिजड्यांचा उल्लेख काढून तिथे ‘व्यक्ती’ असं घालण्यात आलं.

१९५९ची जोडी

विमुक्त दिनाच्या भाषणांत एक तक्रार हमखास ऐकू येते: एका हाताने सोडलं आणि दुसऱ्या हाताने पकडलं. रोख सराईत गुन्हेगार कायद्यावर असतो. १९४९-५०मध्ये नेमलेल्या चौकशी समितीने जुना कायदा रद्द करा म्हणताना, त्याच्या जागी जातीचा भेद न करता सराईतांसाठी कायदा आणा, असंही सुचवलं होतं. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९चा. ठराविक काळात तीनदा शिक्षा झालेल्या माणसाचं नाव नोंदवायचं, त्याच्या हालचालींवर बंधनं घालायची. बाजू मांडणारे म्हणतात की हा कायदा व्यक्तीला लागतो, जमातीला लागत नाही. कागदावर हे खरं आहे. पण आधीची ऐंशी वर्षं पोलिसांच्या वहीत ज्यांची नावं होती, चोरी झाली की पहिली धाड ज्यांच्या पालावर पडते, त्यांनाच तीन शिक्षा लवकर होणार, हे तेव्हाही दिसत होतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने हे कायदे रद्द करण्याची शिफारस केली. वंशभेद निर्मूलनासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २००७मध्ये तेच सांगितलं.

या कायद्याभोवती इतकं बोललं गेलं की त्याच सालचं दुसरं भावंड नजरेआड राहिलं. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदाही १९५९चाच. माझ्या मते हिजडे आणि भटके पुन्हा एकदा एकत्र सापडले ते याच कायद्यात. भीक मागणं म्हणजे काय, याची त्यातली व्याख्या मुळातून वाचावी. गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, कसरती किंवा खेळ करून दाखवणं, किरकोळ वस्तू विकायला पुढे करणं, यांच्या मिषाने पैसे मागणं किंवा घेणं, हे सगळं भीक. डोंबारी, नंदीबैलवाले, जोशी, बहुरूपी, आणि सिग्नलवर टाळी वाजवून मंगती करणारी तृतीयपंथी मंडळी, सगळे एका वाक्यात आले. वॉरंटशिवाय पकडता येतं. पहिल्यांदा सापडलं तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हापुन्हा सापडलं तर दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धता.

याच मुलखात पेशव्यांच्या काळी मागण्याच्या हक्काला सनद होती. नंदीबैलवाल्याला, वासुदेवाला दारातून रिकाम्या हाताने पाठवणं अशुभ मानलं जाई. बाळाच्या जन्माला हिजड्यांनी येणं हा शकुन होता. त्या हक्काचं पाठबळ आधी परक्या सरकारने काढलं आणि मग आपल्याच राज्याने तो गुन्हा ठरवला. कायद्याचा नमुना पुढे दिल्लीसह अनेक ठिकाणी उचलला गेला. दिल्लीत तो उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये मोडीत काढला, भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. महाराष्ट्रात असा निकाल झालेला नाही.

याद्या, प्रमाणपत्रं आणि तुरुंग

राज्यात चौदा विमुक्त जाती ‘अ’ गटात आहेत, त्यांना ३ टक्के आरक्षण. भटक्यांचे ब, क आणि ड असे गट त्यापुढे. या विभागणीवरून होणारे वाद वाचकांना माहीत आहेत. दोन उदाहरणं पुरेत. कैकाडी विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्तांत. पारधी एका नावाने अनुसूचित जमातीत, राज पारधी आणि पाल पारधी म्हणून विमुक्तांत. सख्खे सोयरे असूनही दाखले वेगळे. राष्ट्रीय पातळीवर भटक्या-विमुक्तांसाठी दोन आयोग झाले, दोन्हींच्या अध्यक्षपदी महाराष्ट्रातलीच माणसं होती. पहिल्याचा अहवाल २००८ला आला आणि त्याने ही लोकसंख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज दिला. दुसऱ्याला अशा अडीचशेहून अधिक जमाती आढळल्या, ज्या कोणत्याच यादीत नाहीत.

तृतीयपंथीयांच्या बाबतीत वळण आलं ते एप्रिल २०१४च्या निकालाने. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला, मागासवर्ग म्हणून सवलती देण्यास सांगितलं आणि निकालपत्रात १८७१च्या कायद्याची ठळक नोंद घेतली. इतिहासाचे दोन तुकडे अधिकृत कागदावर जोडले गेले, ते इथे. पुढे २०१९च्या कायद्याने ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती दिलं, तेव्हा समाजातून तीव्र विरोध झाला. त्या विरोधाला हट्ट म्हणणाऱ्यांनी मैनपुरीपासून हैदराबादपर्यंतच्या वह्या आठवाव्यात. सरकारी नोंद होणं म्हणजे काय, हे या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगलं आहे. जातपडताळणीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या पारध्यालाही ते वेगळं सांगावं लागत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल दिला. मुंबईच्या एका महिला पत्रकाराच्या याचिकेवरचा हा निकाल आहे. कैद्यांना जातीवरून कामं वाटणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं गेलं. भटक्या किंवा पूर्वीच्या ‘गुन्हेगार’ जमातीचा आहे म्हणून माणसाला सराईत धरणाऱ्या तुरुंग नियमावल्यांतल्या व्याख्याही गेल्या. पोलिसांनी विमुक्त जमातीच्या लोकांना मनमानीपणे अटक करू नये, असंही न्यायालयाने बजावलं. नियमावल्या दुरुस्त करायला राज्यांना तीन महिने दिले होते. तरी हा निकाल मुख्यतः तुरुंगाच्या आतल्या वागणुकीबद्दल आहे. भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली रस्त्यावरून उचललं जाणं त्याच्या कक्षेत येत नाही.