पेटारा, परवाने आणि नऊ वर्षांचा मुलगा : आग्र्याच्या सुटकेची पार्श्वभूमी

यंदा आमच्या वाड्यावरच्या भुरग्यांनी, म्हणजे पोरांनी, जत्रेतल्या नाटकासाठी शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचा प्रसंग घेतलाय, आणि तालीम सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मांडावर वाद झाला तो पेटाऱ्यावरून. कुणी म्हणालं घरातली जुनी सागवानी पेटी आणूया, पितळी कडीची, आत एक मुलगा आरामात बसतो. कुणी म्हणालं पेटी उचलायला चार जण लागतील, पांटलो, म्हणजे टोपला, घ्या बांबूचा. आणि शंभूराजांचं काम करणारा मुलगा, जो चौथीत आहे, त्याने विचारलं की मी पेटाऱ्यातून बाहेर आल्यावर पुढे काय करतो? तर पुढे काहीच नव्हतं. पडदा पडतो, जयजयकार होतो, संपलं. त्याच्या त्या प्रश्नासाठी हे लिहायला घेतलं.

पुरंदरचा तह, मिर्झाराजे जयसिंग, भर दरबारात झालेला अपमान हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. तारखा तेवढ्या सांगतो. महाराज राजगडावरून निघाले ५ मार्च १६६६ ला, दरबार झाला १२ मे ला, औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दिवशी. शंभूराजांचा जन्म १४ मे १६५७ चा, म्हणजे तो पोर दरबारात उभा राहिला आणि दोन दिवसांनी त्याला नऊ पूर्ण झाली. नववा वाढदिवस आग्र्यात, आणि त्याच महिन्यात डेऱ्याभोवती पहारे बसले. त्याच्याआधी काही महिने तो मिर्झाराजांच्या छावणीत ओलीस राहून आला होता हेही लक्षात ठेवायला पाहिजे, कारण मोगलांच्या छावणीत कसं वागायचं, काय बोलायचं, काय नाही बोलायचं, हे त्याला आठव्या वर्षीच कळलेलं होतं.

सुटकेची तारीख १७ ऑगस्ट १६६६, शके १५८८ श्रावण वद्य १२. इथे आम्हा गोंयकारांना एक गोष्ट माहीत असावी, की ही १७ ऑगस्ट जुन्या इंग्रजी पंचांगाची आहे. पोर्तुगीजांनी नवं कॅलेंडर इंग्रजांच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकातच घेतलं, त्यामुळे त्या दिवशी पणजीत किंवा जुन्या गोव्यात कुणी कागद लिहिला असता तर त्यावर २७ ऑगस्ट पडली असती. त्या काळातले इंग्रजी आणि पोर्तुगीज कागद शेजारी ठेवून वाचताना हा दहा दिवसांचा फरक विसरलं की भलताच घोळ होतो, आणि तो झालेला मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय.

आता पेटारा. आमच्याकडे हा शब्द ऐकला की लाकडी पेटी डोळ्यासमोर येते, आणि शाळेच्या पुस्तकातली चित्रंसुद्धा कधी टोपली दाखवतात, कधी चक्क झाकणाची ट्रंक. जुन्या मराठीत पेटारा म्हणजे बांबूचा किंवा वेताचा विणलेला, झाकण असलेला मोठा करंडा, पुष्कळदा वरून कातडं चढवलेला, प्रवासात सामान न्यायचा. बल्लीला लटकवून दोन माणसं खांद्यावर घेऊन चालायची. आपल्याकडे भाटकार (जमीनदार) लोक मचिलीत, म्हणजे डोलीत, बसून फिरायचे आणि भोई ती खांद्यावरून न्यायचे, तेव्हा माणसाचं वजन बल्लीवर टाकून चालणं यात त्या काळच्या भोयांना नवल काहीच नव्हतं. लाकडी पेटी मनात धरली तर गोष्ट अशक्य वाटते, श्वास कसा घेणार, उचलणार कोण. वेताचा करंडा धरला तर प्रश्नच उरत नाही, हवा खेळती राहते आणि माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसू शकतो. अर्धा वाद या एका शब्दाच्या चुकीच्या चित्रामुळे झालाय असं मला वाटतं.

पण उरलेला अर्धा वाद खरा आहे. मराठी कागद पेटाऱ्याच्या बाजूने आहेत. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत, पेटाऱ्यात बसून पळाले अशी नोंद आहे, आणि १६९७ साली जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीतही पेटारेच आहेत. उलट औरंगजेबाच्या दरबारात लिहिल्या गेलेल्या फारसी इतिहासात पेटाऱ्याचा उल्लेख नाही, वेष बदलून निसटला एवढंच. त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की पेटारे हा निव्वळ देखावा होता, पहारेकऱ्यांची नजर मिठाईवर खिळवून ठेवायची आणि माणूस वेषांतर करून चालत बाहेर. हे मत टाकाऊ नाही. आजारी असल्याचं सांगून रोज संध्याकाळी ब्राह्मणांना, फकिरांना, सरदारांना मिठाई जायची, सुरुवातीला पेटारे उघडून तपासले जायचे, मग सवय झाली आणि तपासणी ढिली पडली, यावर बहुतेक सगळे एकमत आहेत. शेवटच्या दिवशी आत कोण होतं यावरच भांडण.

माझं स्पष्ट मत असं की दोन्ही खरं असायला काहीच हरकत नाही. पेटाऱ्यातून शहराबाहेर एकांतात, तिथे आधीच घोडे घेऊन थांबलेली माणसं, तिथून मथुरा, आणि मथुरेत राख फासून गोसावी. पेटाराही झाला आणि वेषांतरही झालं. बादशहाच्या पदरी राहून इतिहास लिहिणाऱ्याला, आमच्या कोतवालाच्या नाकासमोरून मिठाईच्या करंड्यातून कैदी गेला, हे लिहायला जड जाणार हे उघड आहे. वेष बदलून गेला म्हटलं की सगळ्यांची थोडी तरी अब्रू राहते.

हाच वाद २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा पेटला. एका अभिनेत्याने मुलाखतीत म्हटलं की पेटारे वगैरे काही नव्हतं, लाच देऊन सुटले. प्रचंड राग उसळला, त्याला माफी मागावी लागली. मलाही राग आला, पण रागाच्या भरात मूळ कागदात काय आहे ते कुणी नीट सांगितलंच नाही. जयपूरच्या दप्तरातली राजस्थानी पत्रं आहेत, मिर्झाराजांच्या मुलाच्या पदरच्या माणसांनी त्याच वेळी आग्र्यातून लिहिलेली, आणि ती वाचली की दिसतं की सुरुवातीच्या दिवसांत वजिराला आणि दरबारातल्या इतरांना नजराणे पोचवले गेले होते. ते होते अर्ज पुढे सरकावा, बादशहाचा राग निवळावा म्हणून, आणि दरबारात तेव्हा नजराण्याशिवाय कुणाचाच अर्ज सरकत नव्हता. पहारा विकत घेतला असता तर शेवटच्या दिवशी पलंगावर हिरोजीला हात बाहेर काढून, हातात महाराजांचं कडं घालून झोपवायची गरजच काय होती? पाय चेपायला पोरगा बसवायची गरज काय होती? विकत घेतलेल्या पहाऱ्यासमोर कुणी सोंग करत नाही. (त्या पोराचं मदारी हे नाव नंतरच्या कागदांतून येतं, आधीच्यांत तो बिननावाचाच आहे, पण नाटकातून त्याला काढा असं मी कुणाला सांगणार नाही, कुणीतरी पोर तिथे बसलं होतं आणि जिवावर उदार होऊन बसलं होतं.)

त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने आग्र्यात स्मारक उभारायचं जाहीर केलं, त्याआधी २०२३ ला आग्र्याच्या किल्ल्यात, दिवाण-ए-आममध्ये शिवजयंती झाली. दरवर्षी १७ ऑगस्टला आग्र्याहून राजगडाकडे पळत निघणारे तरुणही आहेत. स्मारकाच्या जागेवरून मतभेद आहेत, महाराज नेमके कुठे होते, अमुक कोठी की तमुक हवेली. पण आपला मुद्दा जागेचा नाही, म्हणून परत त्या उन्हाळ्याकडे येतो.

पेटाऱ्यावर एवढा जीव टाकल्यामुळे जे मागे पडलं ते म्हणजे परवाने. जून-जुलैत महाराजांनी बादशहाकडे अर्ज केला की माझ्या माणसांना इथलं हवापाणी मानवत नाही, खर्चही झेपत नाही, त्यांना परत पाठवू दे. बादशहाला आनंदच झाला, कैद्याचे हातपाय आपोआप तुटतायत. त्याने दस्तकं दिली. दस्तक म्हणजे रस्त्यावरच्या चौक्यांवर दाखवायचा परवाना. माणसं गटागटाने बाहेर पडली आणि डेऱ्यात मोजकीच उरली. बादशहाच्या शिक्क्याने बाहेर पडलेली ही माणसं पुढे काय करत होती, सगळीच सरळ घरी गेली का, हा विचार कोतवालाने केला नाही. बाहेर घोडे घेऊन थांबायला माणसं लागतात, वाटेवर ओळखीची घरं लागतात, मथुरेत आसरा लागतो. माझ्या मते सुटका १७ ऑगस्टला झाली नाही, ती त्या परवान्यांपासून सुरू झाली होती.

आणि आता त्या चौथीतल्या मुलाचं उत्तर.

१८ तारखेच्या सकाळी बोंब झाली. पाठलागाची फर्मानं सुटली, घाटांवर, चौक्यांवर. आता मोगल शोधत कुणाला होते? एक मध्यम वयाचा माणूस आणि त्याच्यासोबत नऊ वर्षांचा मुलगा. सगळ्यात मोठी खूण मुलगा होता. गोसावी, बैरागी रस्त्याने शेकड्यांनी जातात, पण नऊ वर्षांचं पोर घेऊन, श्रावण-भाद्रपदाच्या पावसात, चंबळ नर्मदा फुगलेल्या असताना, दिवसाला पन्नास-पन्नास किलोमीटर पळणारा बैरागी कुणाच्याही डोळ्यात भरला असता. म्हणून मुलाला मथुरेत ठेवलं, पेशव्यांच्या नात्यातल्या ब्राह्मण कुटुंबाकडे. बापाने पोटच्या पोराला शत्रूच्या मुलखात, शत्रूच्या राजधानीपासून दीड-दोन दिवसांच्या वाटेवर ठेवून निघायचं, आणि वर त्याच्या मरणाची बातमी स्वतःच पसरवायची. वाटेत मुलगा गेला अशी हूल उठवली. मेलेल्या मुलाला कोण शोधणार?

इथे पुन्हा तारखांचा गुंता आहे. महाराज राजगडाला पोचले त्याच्या दोन तारखा सांगितल्या जातात, १२ सप्टेंबर आणि मार्गशीर्ष शुद्ध ५, म्हणजे २० नोव्हेंबर. जेधे शकावली दुसरी देते, आणि शंभूराजांसह आले असं म्हणते. मला पटतं ते असं की पहिली तारीख बापाची, दुसरी मुलाची, आणि नोंद करणाऱ्याने दोन्ही एकत्र केली. तसं धरलं तर ते पोर जवळपास तीन महिने वेगळं होतं. जानवं घातलेला ब्राह्मणाचा मुलगा म्हणून राहायचं, स्वतःचं नाव विसरायचं, बापाचं नाव तर तोंडातून निघताच कामा नये. कहाणी अशी सांगतात की परतीच्या वाटेवर एका मोगल अंमलदाराला संशय आला, हा मुलगा तुझा नाही म्हणाला, तर सोबतच्या ब्राह्मणाने त्याला आपल्या ताटात जेवायला बसवलं. त्या काळी ब्राह्मण दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर एका ताटात जेवणार नाही, म्हणून अंमलदाराने सोडून दिलं. ही गोष्ट परंपरेने आलेली आहे, तेवढ्याच वजनाने घ्यायची. पण नाटकात मला हाच प्रवेश हवाय, कारण त्यात तलवार नाही, घोडा नाही, फक्त एक पोर समोरच्याच्या डोळ्यात न बघता भात कालवतंय, आणि त्याने एक शब्द चुकीचा बोलला तर दोघंही संपले.

किंमत मागे राहिलेल्यांनी मोजली. महाराजांचे दोन वकील पकडले गेले, त्यांचे भयंकर हाल झाले, पुढच्या वर्षी सुटले. मिर्झाराजांच्या मुलाची मनसब गेली, त्याला दरबारात यायची बंदी झाली. आणि पोर? पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १६६७ मध्ये, नवा तह झाल्यावर ते पुन्हा औरंगाबादला शहजाद्याच्या भेटीला उभं होतं. दहा वर्षांचं.

आमच्या भागाशी याचा संबंध काय असं विचारतात म्हणून दोन गोष्टी सांगतो. १६६८ च्या पावसाळ्यानंतर महाराजांनी पोर्तुगीजांच्या गोव्यात आपली चार-पाचशे माणसं थोडीथोडी करून, वेगवेगळ्या निमित्ताने आत घुसवायला सुरुवात केली होती. आग्र्यातून माणसं गटागटाने बाहेर काढली, इथे गटागटाने आत. पण व्हिसेरेईला, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयला, सुगावा लागला, महाराजांच्या वकिलाला अपमान करून हाकललं, माणसं बाहेर घालवली. युक्ती तीच, पण इथे समोरचा जागा होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळाचं काम महाराजांनी करवून घेतलं, तो शिलालेख अजून आहे, आणि २०२३ ला त्या देवळाचा पुन्हा जीर्णोद्धार झाला.

दुसरी गोष्ट १६८३ ची. मथुरेत ब्राह्मणाचं पोर म्हणून राहिलेला तोच मुलगा आता सव्वीस वर्षांचा छत्रपती, जुवे बेटावरचा पोर्तुगीजांचा कोट त्याच्या माणसांनी रात्री घेतलेला, व्हिसेरेई स्वतः चालून आला आणि जखमी होऊन कसाबसा परत गेला. त्या पाठलागात शंभूराजांनी घोडा भरतीच्या पाण्यात घातला आणि घोडा वाहू लागला, तेव्हा त्यांच्या पदरच्या खंडो बल्लाळांनी उडी टाकून काढलं. आता पाठलाग करणारा तो होता, पळणारे दुसरे. दिवाडीच्या फेरीतून जुव्याच्या बाजूला बघितलं की भरतीचं ते पाणी किती जोराने आत येतं ते दिसतं.

तालमीचं सांगायचं तर सागवानी पेटी रद्द झाली. पांटल्याचं झाकण विणून मिळालंय, बल्ली माडाची आहे, उचलायला दोन भुरगे पुरतात. पडदा आता पेटाऱ्यावर पडत नाही, ताटावर पडतो.